हळद लागलेला घोडा

वळ, ता. भिवंडी
३ फेब्रुवारी

रीमाताई,

माझं सगळं बदललं ते टेमघरच्या नाक्यावर, मनालीनं हेल्मेट न काढता मला सांगितलं तेव्हा. "मी दीपेशला हो म्हटलंय." बस, इतकंच. स्कूटीचं इंजिनसुद्धा बंद केलं नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर सिग्नल सुटल्यासारखी निघून गेली. तिच्या हेल्मेटच्या काचेत मला माझंच तोंड दिसत होतं, ताई. उघडं तोंड.

त्याच संध्याकाळी खारबावला घरी आलो तर तबेला रिकामा. अण्णांनी बत्तासा देऊन टाकला होता. कुणाला, ते ओळख. वळचे गोडाऊनवाले, दीपेश. अण्णा म्हणाले, घोडी दिसली की पिसाळतो, वरातीच्या धंद्याला हा कामाचा नाही, गिऱ्हाईक आलं म्हणून दिला. मी विचारलं, मला विचारायचं नाही? तर म्हणाले, कॉलेज सोडताना तू मला विचारलं होतंस?

बत्तासा तुझ्या सुट्टीत जन्मला होता. नाव तूच ठेवलंस, पांढराफेक म्हणून. आई दूध देईना तेव्हा त्याला बाटली कुणी लावली, तेही तू पाहिलंयस. एका दिवसात एकाच माणसानं माझं दोन्ही नेलं. मी फोन खाडीत फेकला. तू म्हणायचीस ना, फोनवर ओरडतोस, त्यापेक्षा लिहीत जा? आता तेवढंच उरलंय. पत्र नामाकडे देतोय. तो दिवसाआड वळहून टेम्पो भरून नाशिकला जातो, तुझ्या जनावरांच्या दवाखान्यावरून त्याचा रस्ता आहे.

आता मी वळला कसा, ते ऐक. साखरपुड्याला दीपेश बत्तासावर बसून मिरवला. पुढं पाहुण्यांची घोडी होती. बत्तासानं मागचे दोन पाय असे उडवले की नवरदेव थेट आइस्क्रीमच्या स्टॉलवर. मी नव्हतो, पण नामाच्या फोनवर व्हिडिओ पाहिला. अकरा वेळा पाहिला. तर त्या रागानं आणि लग्नात पुन्हा असं नको म्हणून, परवा त्यानं घोडा खच्ची करून घेतला. शहरातले डॉक्टर आले, भूल दिली, काम नीट केलं म्हणतात. पण शुद्धीवर आल्यापासून बत्तासा कुणाला जवळ येऊ देईना. मग दीपेशची गाडी आमच्या दारात.

"काय रे अर्धवट ग्रॅज्युएट," म्हणाला, "घोडा तुझंच ऐकतो म्हणे. लग्नापर्यंत ये सांभाळायला. वरातीत लगामही तूच धर. मनालीनंच सांगितलं, प्रितेशला बोलवा म्हणून."

मनालीनंच सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या घोड्याचा लगाम मी धरायचा, आणि तो तिच्या दारात नेऊन उभा करायचा. आणि तारीख काय धरलीय? चौदा फेब्रुवारी.

मी हो म्हटलं. अण्णांना वाटलं, पोरगा शहाणा झाला.

आता बंगल्यामागच्या जुन्या गाळ्यात राहतोय, त्याच गाळ्यात एका बाजूला बत्तासा. मला बघून तो ओरडला नाही. फक्त मान खाली घालून माझ्या खिशात गूळ शोधला. दोन्ही बाजूंना चिरा आहेत, टाके घातलेले नाहीत, लालसर पाणी ठिबकतं. सूज यायला लागलीय. तर मला नीट लिहून कळव, अशा वेळी काय करायचं. आणि काय केल्यानं बिघडतं, तेही लिही. ते जरा सविस्तर लिही.

मावशीला यातलं काही सांगू नकोस.

तुझा
प्रितेश


नाशिक
४ फेब्रुवारी

प्रितू,

पत्र वाचून आधी हसले, आइस्क्रीमच्या स्टॉलला. मग पुढचं वाचून हसू गेलं. तू त्या घरी जायला नको होतंस. पण गेला आहेस आणि बत्तासा तुझ्या हातात आहे, याचं मला बरंही वाटतंय. निदान ज्याला त्याची सवय माहीत आहे असं एक माणूस तिथं आहे.

आता नीट वाच. टाके नाहीत ते बरोबरच आहे. घोड्यात ती जखम मुद्दाम उघडी ठेवतात, आतलं पाणी बाहेर पडावं म्हणून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज वाढते, पिशवी आणि तिच्या पुढचं कातडं फुगतं, तेवढ्यानं घाबरायचं नाही. औषध एकच, आणि ते कुठल्याही बाटलीत मिळत नाही. चालवायचा. सकाळ-संध्याकाळ, सावकाश सुरुवात करून मग थोडी दुडकी. तो चालला की जखम उघडी राहते आणि पाणी गळून जातं. त्यानंतर पाइपानं थंड पाण्याची बारीक धार. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय का, ते डॉक्टरांना विचार. घोडीच्या जवळ न्यायचा नाही. दीपेशला सांग, खच्ची केला म्हणून घोडा दुसऱ्या दिवशी गाय होत नाही, जुनी खोड जायला महिने लागतात. आणि जखम पूर्ण भरेपर्यंत पाठीवर कुणी बसायचं नाही. लग्न असो नाहीतर लग्नाचा बाप असो.

बिघडतं कशानं, ते विचारलंस. एका जागी बांधून ठेवल्यानं. आपल्या माणसांना वाटतं, बिचाऱ्याला लागलंय, उभा राहू दे, आराम मिळू दे. त्या मायेनं मी घोडे मेलेले पाहिलेत. दुसरं म्हणजे जखमेवर काहीबाही लेप थापल्यानं. वरून चीर बंद होते, आत सगळं कोंडतं आणि सडतं. ताप आला, खाणं सोडलं, मागचे पाय फाकून काठीसारखा चालायला लागला, घाण वास यायला लागला, तर माझ्या पत्राची वाट बघायची नाही, डॉक्टरांना त्याच घटकेला बोलवायचं. आणि चिरेतून काही लोंबायला लागलं तर स्वच्छ ओल्या चादरीत ते वर उचलून धरायचं आणि ओरडत सुटायचं. ओरडणं तुला येतंच.

"काय केल्यानं बिघडतं ते सविस्तर लिही" हे वाक्य मी दोनदा वाचलं. चांगला प्रश्न आहे. माझे विद्यार्थीसुद्धा विचारत नाहीत. म्हणून सांगते, कॉलेजचं अजून काही बिघडलेलं नाही. बघ.

मनालीबद्दल एवढंच, प्रितू, की आत्ता तू रागात आहेस. राग लगामासारखा असतो, हातात ठेव, दातात धरू नकोस.

तुझी
रीमाताई


वळ
८ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. काळजी करू नकोस. तू लिहिलंस तसं सगळं चाललंय. दोन्ही वेळा चालवतो, पाणी मारतो. सूज आहे, पण उतरतेय. खातोही बऱ्यापैकी.

इथं लग्नघर म्हणजे जत्रा आहे. बंगल्यापुढं मांडव, मांडवात एवढे मोठे पंखे की पाहुण्यांचे केस उडतात. परवा घरच्याघरी पहिली हळद झाली. दीपेशची आजी, राहीबाई, नव्वदीची असेल, पण अख्खं घर तिच्या आवाजावर चालतं. तिनं नातवाला हळद लावली आणि उरलेली वाटी घेऊन काठी टेकत थेट गाळ्यात. बत्तासाच्या कपाळाला हळद, चारी पायांना हळद. म्हणाली, "यो माज्या दीपेशचा करवला. नवऱ्याला हलद, त करवल्याला नको का?" बायका हसल्या, गाणी म्हटली. दीपेशनं फोटो काढले. बत्तासाला झेंडूची माळ घालून मांडवात आणून बांधलाय. येणारा प्रत्येक जण त्याच्यासोबत सेल्फी काढतो.

दीपेश दिवसातून चारदा येऊन विचारतो, "काय डॉक्टर, चौदाला फिट ना माझा घोडा?" माझा घोडा. मी म्हणतो, हो शेठ. त्याच्या गळ्यात चेन आहे, बैलाला बांधावी तेवढी. काल मनालीचा भाऊ काही सामान घेऊन आला होता, तो माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून गेला. मी वाट बघतोय, ताई. चौदा तारखेला सगळं टेमघर रस्त्यावर येऊन उभं असेल, नवरदेव घोड्यावरून येतोय हे बघायला. तिथं त्यांना काय दिसेल, ते त्यांचं त्यांना कळेल.

दातात धरू नकोस म्हणालीस. माझ्या हातात दुसरं काय आहे?

तुला नामा सांगेलच इथलं सगळं. त्याला फार बोलायची सवय आहे, अर्धं खोटं समज.

प्रितेश


नाशिक
१० फेब्रुवारी

प्रितेश,

हे पत्र मी नामाला वाचून दाखवलेलं नाही, पण त्याला सांगितलंय की तुझ्या हातात द्यायचं आणि तू शेवटची ओळ वाचेपर्यंत समोरून हलायचं नाही. तो समोर उभा आहे ना? असू दे.

त्याला मी चहा दिला आणि सहज विचारलं, बत्तासा कसा आहे. तू म्हणालास अर्धं खोटं समज, म्हणून मी अर्धंच धरते. तो म्हणाला, घोडा मांडवात एका जागी उभा असतो, हळदीनं पिवळा झालाय, खाली मडक्याएवढं सुजलंय, मागचे पाय फाकलेले, समोर टाकलेला चारा तसाच. हळद जखमेवरही थापलीय, तेलात कालवून, वर कापूस. आणि आजींनी सांगितलंय की हळद लागली, आता नवऱ्यानं वेशीबाहेर जायचं नाही आणि करवल्यानंही नाही, म्हणून पाच दिवस तो फाटकाबाहेर गेलेलाच नाही. हे सांगून नामा म्हणाला, "म्हातारीची माया बघा डॉक्टरीणबाई, घोड्याला पण पोरासारखं जपते."

तू मला लिहिलंस, दोन्ही वेळा चालवतो.

मी सकाळपासून तुझी दोन्ही पत्रं पुढं ठेवून बसलेय. आधी वाटलं, पोरगा घाबरला असेल, त्या घरात त्याचं कोण ऐकणार. मग ते वाक्य पुन्हा दिसलं. "काय केल्यानं बिघडतं ते सविस्तर लिही." आणि मी लिहिलं. दीड पान लिहिलं. तुझ्यावर विश्वास ठेवून मी माझ्या हातानं तुला यादी करून दिली, आणि तू ती उलटी वाचलीस. तुला काहीही करावं लागलं नाही. म्हातारीनं मायेनं सगळं केलं, तू फक्त गप्प बसलास. किती स्वच्छ सूड आहे रे. हाताला डागसुद्धा नाही.

कुणावर उगवतोयस? दीपेशच्या मांडीखालून एक घोडा गेला तर तो गाडीतून जाईल. त्याच्याकडे गाड्या सहा आहेत. बत्तासाकडे मात्र दुसरा कुणी नाही. तो तुझ्या खिशात गूळ शोधतो.

आणखी एक गोष्ट लपवली होती, ती सांगते. मनालीनं मला फोन केला होता, तू फोन खाडीत फेकलास त्या आठवड्यात. तुझी चौकशी करायला. रडत होती. म्हणाली, "रीमाताई, त्यानं मला कधी काही विचारलंच नाही हो. दोन वर्षं घोड्यावरून फिरवलं, नोट्स आणून दिल्या, आणि एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, मैत्री आहे. आता तो माझ्याकडे असं बघतो की मी त्याचं काही चोरलंय." खरं सांग, तू तिला कधी विचारलंस?

तिनं तुला वळला बोलवायला सांगितलं, कारण तिला वाटलं घोडा तुझ्याजवळ सुरक्षित राहील. आता हस.

उद्या सकाळी बत्तासा फाटकाबाहेर चालला पाहिजे. त्याआधी डॉक्टर आले पाहिजेत, लेप काढून चिरा मोकळ्या करायला. नामा परवा येईल. तो जर म्हणाला की घोडा अजून मांडवात आहे, तर मी त्याच टेम्पोत बसून वळला येते आणि त्या हळदीच्या मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर, तुझं नाव घेते.

रीमा


खारबाव
१५ फेब्रुवारी

ताई,

आधी घोड्याचं. बत्तासा वाचलाय. ताप उतरला, काल त्यानं ओला चारा संपवला आणि बादलीवर तोंड आपटलं, म्हणजे अजून द्या. वळलाच आहे. त्याला चालवायला आता नामा जातो, कारण मला त्या फाटकातून आत घेत नाहीत. लग्न लागलं, पण मुहूर्त पाऊण तास टळला, तो माझ्यामुळे. माझा डावा कान अजून गुंई करतो, ते दीपेशच्या काकाच्या थपडेमुळे. कसं, ते शेवटी सांगतो.

तुझं पत्र मी नामासमोरच वाचलं. शेवटची ओळ येईपर्यंत तो हलला नाही, मग विचारलं, "कोण वारलं का?" मी म्हटलं, अजून नाही.

तू लिहिलंस त्यात एकच चूक आहे. मी फक्त गप्प बसलो नव्हतो. राहीबाई हळदीत तेल कालवत होती तेव्हा वाटी मी धरली होती. डॉक्टर चार तारखेला जखम बघायला आले होते, जाताना सांगून गेले, रोज चालवा, जखमेला काही लावू नका. दीपेश फोनवर होता, बाकीचे मांडवाचे बांबू मोजत होते, ऐकलं फक्त मी. त्या वाटीपुढं मी उभा होतो आणि तोंडात शब्द होता, आजी नको. तो मी गिळला. दीपेशच्या गळ्यातली चेन समोर चमकत होती, आणि मी गिळला. नंतर रोज सूज बघायचो आणि तारीख मोजायचो. बत्तासा माझ्याकडे मान वळवायचा, मी खिशात गूळ ठेवायचं बंद केलं होतं. हे मी माफीसाठी लिहीत नाही. राग अजून आहे. तुला खोटं लिहिलं होतं, ते फाडायला लिहितोय.

सकाळी बंगल्यात गेलो, दीपेशला म्हटलं, घोड्याला ताप आहे, डॉक्टरला लाव फोन. तो तोंडाला कसलातरी पॅक लावून बसला होता. "चौदाला फिट म्हणाला होतास ना?" मी म्हटलं, फोन लाव नाहीतर चौदाला घोड्याचं मढं उचलावं लागेल, मांडवातून. मढं या शब्दाला त्याची आई देवघरातून बाहेर आली. फोन लागला.

डॉक्टर आले, बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला जमीन बघावी लागली. लेप धुतला. हातमोजा घालून बोटानं दोन्ही चिरा मोकळ्या केल्या. जे बाहेर आलं ते मी सांगत नाही, तुला माहीत आहे. मांडवातले पाहुणे नाकाला रुमाल लावून पांगले. सुया दिल्या, आणि म्हणाले, आता चालवा, लगेच, आणि पाठीवर कुणी बसू नका.

मी बत्तासाच्या तोंडाची मोरकी धरून निघालो तर फाटकात राहीबाई. काठी आडवी धरून.

"हलद लागलेला हाय तो. येशीभायेर जायाचा न्हाय."

मी सांगितलं, आजी, एका जागी उभा राहिला तर मरेल. ती म्हणाली, तिच्या चार पोरांना, नऊ नातवंडांना अशीच हळद लागली, कुणी मेलं नाही. बायका जमल्या. दीपेशची आई म्हणाली, मांडवातच गोल फिरव. मी म्हटलं, मांडवात खुर्च्या आहेत, त्याला दुडकीनं पळवायचाय. कुणीतरी म्हणालं, लग्न झाल्यावर पळव.

"आन यो करवला भायेर गेला," म्हातारी म्हणाली, "त माज्या नातवाचा काय वाईट झाला त तू भरशील?"

"भरीन," मी म्हटलं.

ताई, खरं सांगतो, ते म्हणताना मला बरं वाटलं. घोडा वाचवताना त्यांच्या लग्नाला अपशकुन होत होता आणि दोन्ही एकाच पावलात होतं. कुठलं पाऊल कशासाठी पडलं, मला विचारू नकोस. मी काठीखालून वाकून गेलो, बत्तासा काठीला छाती लावून थांबला, आणि म्हातारीनंच काठी उचलली. का, मला माहीत नाही. त्याचा श्वास तिच्या हाताला लागला असेल. गोडाऊनच्या मागच्या रस्त्यानं आम्ही चाललो. आधी तो काठीसारखा, पाय ओढत. मग गळायला लागलं, रस्त्यावर पिवळे-लाल थेंब. कंटेनरवाले गाड्या थांबवून बघत होते, हळद लागलेला घोडा आणि त्याच्यामागं रडणारा माणूस. एका ड्रायव्हरनं हिंदीत विचारलं, भाई, शादी किसकी है?

तेव्हापासून दोन्ही वेळा चालवला. पाण्याची धार मारली. सुजेच्या मडक्याचा तांब्या झाला, तांब्याची वाटी. म्हातारी रोज फाटकापाशी बसून असायची, आम्ही परत येईपर्यंत. माझ्याशी बोलली नाही. बत्तासाला आत घेताना मात्र त्याच्यावरून लिंबू ओवाळून टाकायची.

आता काल.

दुपारी वरात निघायची होती. बेंजोवाले फाटकाबाहेर वाजवत होते, पोरं नाचत होती, सगळं घर पुढच्या अंगाला. बत्तासाला मी मांडवातून पुन्हा गाळ्यात आणलं होतं, तिथं त्याचे पाय धूत होतो. दीपेशला मी तीनदा सांगितलं होतं की घोडा मिळणार नाही, गाडीतून जा, आणि तो मान हलवून गेला होता. तर पत्र्याच्या दारातून हा आत. एकटा. शेरवानी, मुंडावळ्या, पायात मोजडी, आणि हातावर जरीची झूल.

"फक्त नाक्यापर्यंत," म्हणाला. "पाच मिनिटं. ड्रोनवाला उभा आहे. तिथून गाडीत बसतो."

मी म्हटलं, डॉक्टरांनी काय सांगितलंय?

"डॉक्टरांचं नाशिकला तुझ्या बहिणीला सांग," तो हसला. नामा सगळीकडे बोलतो, ताई. "चल, घाल झूल. आणि हसत धर लगाम. मनाली व्हिडिओ बघणार आहे."

तर ऐक, माझ्या डोक्यात काय आलं. मला वाटलं, चढू दे. सुजेवर पट्टा आवळला, वर हा सत्तर-ऐंशी किलोचा गोणता बसला, पुढं बेंजो आणि फटाके, की बत्तासा मागच्या पायांवर उभा राहील, आणि नवरदेव उताणा पडेल, या वेळी आइस्क्रीमवर नाही, डांबरावर. वर ड्रोन. तिला तो व्हिडिओ जन्मभर पुरेल. मला काही करायचंच नव्हतं. पुन्हा नुसतं गप्प बसायचं होतं.

मी झूल घेतली. बत्तासाच्या पाठीवर टाकली. पट्टा पोटाखालून घेतला आणि ओढला.

त्यानं लाथ मारायला हवी होती. कान पाडायला हवे होते. लाथ मारली असती तर मी दीपेशला चढू दिलं असतं, शपथ. पण पट्टा मी ओढत होतो म्हणून तो उभा राहिला. कातडी नुसती थरथरत होती, पाण्यावर वारा जातो तशी, आणि पाय एक इंच हलवला नाही त्यानं. दुसऱ्या कुणाला पट्टा ओढू दिला नसता त्यानं. मला दिला.

तू विचारलं होतंस, मनालीला मी कधी विचारलं का. नाही विचारलं. मला वाटलं, ती गप्प आहे म्हणजे हो आहे. बत्तासासुद्धा गप्प होता. एवढं मला तिथं उभं राहून कळलं. पण तिनं हेल्मेट काढायला हवं होतं, ताई. ते मी सोडणार नाही.

मी पट्टा सोडला. झूल काढली आणि दीपेशच्या दोन्ही हातांवर ठेवली. "धर."

"हे काय?"

मी मोरकीची दोरी खुंटीवरून सोडली. गाळ्याचं पुढचं शटर गेलं वर्षभर गंजून बसलंय, उघडत नाही. त्याच्या शेरवानीला खिसा नव्हता, फोन बाहेर मित्राकडे होता. हे सगळं मी ठरवलं नव्हतं. दोरी सोडता सोडता दिसलं.

"ए प्रितेश, कुठं नेतोस त्याला?"

"चालवायला. वेळ झाली."

बत्तासाला पुढं घातलं. उंबरठ्यावर तो जरा थांबला, मागचा पाय जपून उचलला आणि बाहेर उन्हात गेला. मी वळून बघितलं. जरीची झूल छातीशी धरून, मोजडी लिदेत, मुंडावळीची एक सर तोंडात गेलेली, दीपेश तोंड उघडं ठेवून उभा होता. ते तोंड मी ओळखलं. टेमघरच्या नाक्यावर त्या काचेत हेच दिसलं होतं.

बाहेर बेंजोनं नवं गाणं धरलं होतं, एवढं मोठ्यानं की स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये. मी बाहेर आलो, पत्र्याचं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.